रेझिस्टरवरचा आकडा आणि त्याची सवलत

पिवळा, जांभळा, लाल आणि सोनेरी अशा चार पट्ट्यांचा रेझिस्टर ४,७०० ओहमचा असतो. पहिल्या दोन पट्ट्या ४ आणि ७ हे अंक देतात, तिसरी त्यांपुढे दोन शून्ये लावते. काळा, तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा, करडा, पांढरा हे रंग याच क्रमाने ० ते ९ दाखवतात. सोनेरी पट्टी टॉलरन्सची, म्हणजे सवलतीची: ५ टक्के इकडे किंवा तिकडे. त्यामुळे ४,४६५ ते ४,९३५ ओहम भरणारा प्रत्येक नग निर्दोष ठरतो. चंदेरी पट्टी १० टक्क्यांची, तपकिरी १ टक्क्याची. सवलतीची पट्टीच नसेल तर २० टक्के. १ टक्क्याच्या रेझिस्टरवर बहुधा पाच पट्ट्या असतात आणि त्यांतल्या पहिल्या तीन अंकांच्या. पाय नसलेल्या, थेट बोर्डच्या पृष्ठभागावर बसणाऱ्या एसएमडी रेझिस्टरवर ४,७०० ओहम हीच किंमत ४७२ किंवा ४७०१ अशी छापतात.

पाच हजार हा सोपा आकडा सोडून ४,७०० का, याचे उत्तरही सवलतीतच आहे. १० टक्क्यांच्या मालिकेत १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२ असे बाराच आकडे आहेत. ३९ची वरची मर्यादा ४२.९, तर ४७ची खालची ४२.३. शेजाऱ्यांच्या मर्यादा अशा भिडल्या, की मधले आकडे वेगळे बनवायची गरज उरत नाही.

सवलत किती चालेल हे जागेवरून ठरते. दर्शक एलईडीच्या रेझिस्टरमध्ये १० टक्के फरक पडला तर उजेडातला बदल डोळ्याला जेमतेम जाणवतो. सेट-टॉप बॉक्सच्या ५ व्होल्टच्या अडॅप्टरमध्ये २.५ व्होल्टच्या संदर्भाशी तुलनेसाठी आउटपुट व्होल्टेज विभागणारे १० किलोओहमचे दोन रेझिस्टर असतील, तर गोष्ट वेगळी. ते १ टक्क्याचे असल्यास त्यांच्यामुळे व्होल्टेज फार तर ५.०५ होते; ५ टक्क्यांचे असल्यास ५.२६ पर्यंत चढू शकते.

मोजण्याआधी प्लग काढून कपॅसिटर रिकामे करावे लागतात. बोर्डवर रेझिस्टरला समांतर वाटा असतात. म्हणून मीटर कमी आकडा दाखवत असेल, तर एक पाय सोल्डरमधून सोडवून पुन्हा मोजावे लागते. कपॅसिटर रिकामे असूनही बोर्डवरच आकडा वरच्या मर्यादेपलीकडे गेला, तर रेझिस्टर बिघडलेला समजावा.

मौद्यासारख्या उष्ण गावात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि बंद डब्यात तापमान त्याहून बरेच जास्त असते. तरी अंशाला दहा लाखांत १०० भाग बदलणारा ४,७०० ओहमचा मेटल फिल्म रेझिस्टर २५ वरून ७५ अंशांवर गेल्यास फक्त सुमारे २४ ओहमने सरकतो. ५ टक्क्यांची सवलत २३५ ओहमची आहे. उष्णतेचा खरा घाव वॅटवर बसतो. अनेक रेझिस्टर पूर्ण वॅटेज ७० अंशांपर्यंतच पेलतात, पुढे ती ताकद घटत जाते. सतत तापणारा रेझिस्टर काळवंडतो, त्याचा रोध वाढतो आणि शेवटी तो ओपन होतो.

म्हणून बदली नग घेताना ओहम तेच, टॉलरन्स तेवढाच किंवा त्याहून काटेकोर आणि वॅट तेवढे किंवा जास्त असावेत. अपवाद फ्यूजिबल रेझिस्टरचा. दोष आल्यास जळून मंडल तोडणे हेच त्याचे काम असल्याने त्याच्या जागी त्याच वॅटचा फ्यूजिबलच बसवावा लागतो.