वऱ्हाडी घरानें काय पाहावें, काय ऐकावें?

सायंकाळचें जेवण आटोपलें, दिवसाचा शीण थोडा उतरला, म्हणजे घरांतील लहानथोर मंडळींनीं काय पाहावें व काय ऐकावें, हा प्रश्न पूर्वीं जितका सोपा होता तितका आज राहिलेला नाहीं. पूर्वीं गांवांत कीर्तन असे, दंडार असे, क्वचित् एखादी नाटक मंडळी उतरे; जें येई तें पाहावयाचें, इतकेंच. आज मोबाईलच्या वीतभर कांचेवर साऱ्या जगाच्या करमणुकीचा बाजार अष्टौप्रहर उघडा असतो, आणि निवड करतां करतांच निजण्याची वेळ होते.

अमरावती-अकोल्याकडील कुटुंबांना यांत आणखी एक अडचण आहे, व तिचा उच्चार सहसा कोणी करीत नाहीं. या बाजारांत मराठी माल पुष्कळ आहे. परंतु त्यांत वऱ्हाडी माणूस येतो तो बहुधा हंसविण्यासाठीं. एखाद्या पात्रानें ‘मले’, ‘तुले’, ‘काय करून राह्यला’ असें म्हटलें कीं हंशा पिकलाच म्हणून समजावें. हंसणें वाईट नव्हे. २०१४ सालीं सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’ या कार्यक्रमांत भारत गणेशपुरे यांनीं या बोलीच्या ठसक्यानें अवघ्या महाराष्ट्रास पोट धरून हंसविलें, आणि त्याचें कौतुक वऱ्हाडांत सर्वांस वाटतें. तथापि ज्या मुलानें आपल्या आजीची बोली पडद्यावर केवळ थट्टेपुरतीच ऐकली, तें शाळेंत तोंड उघडतांना प्रथम चाचरतें, पुढें ती बोली घरींहि टाकतें, आणि मग आजीचें बोलणें त्याला निम्मेंच कळूं लागतें.

वस्तुतः मराठी गद्याचा आद्य ग्रंथ जो लीळाचरित्र, तो म्हाइंभटांनीं तेराव्या शतकांत अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपुरासच सिद्ध केला. ज्या मुलखांत मराठी गद्य प्रथम चालूं लागलें, तेथील बोली विदूषकाच्या वांट्यास कां यावी? याचा कांहीं दोष घरचाहि आहे. वऱ्हाडच्या लेखकांनीं रंगभूमीसाठीं लिहिलें तें ग्रांथिक मराठींत. अमरावतीचे वीर वामनराव जोशी यांचें ‘रणदुंदुभि’ बलवंत संगीत मंडळीनें १९२७ सालीं रंगभूमीवर आणलें. त्याची भाषा तेजस्वी आहे. पण अमरावतीच्या बाजारांत त्या भाषेंत कोणी कापसाचा भाव विचारला नसता.

ही उणीव ज्यानें भरून काढली असा एक चित्रपट आहे, आणि तो वऱ्हाडांतील प्रत्येक जाणत्या माणसानें एकदां तरी पाहावा. सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ हा तो चित्रपट, साल २००९. ‘गाभ्रीचा’ हा शिवीवजा शब्द. ज्याची वाट पाहून डोळे शिणतात त्या पावसाला शेतकरी ज्या रागानें व ज्या आपलेपणानें शिवी देतो, तीच या कथेची जात आहे. शेजारचा एक शेतकरी जीव देतो. आपला नवरा किसनाहि तसेंच कांहीं करील, या धास्तीनें अलका लहान मुलाला व सासूला त्याच्यावर पाळत ठेवावयास सांगते. पोर बापाच्या मागें मागें हिंडतें, बाप वैतागतो, आणि पाहणाऱ्याला हंसूं येतें. पण त्या हंसण्यांत बोलीची थट्टा नाहीं. त्याच बोलींत माणसें भितात, लटका राग धरतात, बियाण्याचा हिशेब मांडतात, दुबार पेरणीचा विचार करतात. गिरीश कुलकर्णी, सोनाली कुलकर्णी व ज्योती सुभाष यांनीं भूमिका केल्या आहेत. शेवट येथें सांगणें योग्य नव्हे. अगदीं लहान मुलांना मात्र हा दाखवूं नये. आणि ज्या घरावर अशी आपत्ति येऊन गेली आहे तेथें तर विचारल्यावांचून लावूंच नये.

दुसरी शिफारस जोडीची आहे. राजदत्त यांनीं दिग्दर्शित केलेला ‘देवकीनंदन गोपाला’ (१९७७) हा गाडगेबाबांवरील चित्रपट. बाबांचा जन्म १८७६ सालीं अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवचा. त्यांची भूमिका डॉ. श्रीराम लागू यांनीं केली. देव न मानणाऱ्या नटानें एका संताचें सोंग इतक्या निष्ठेनें वठवावें, हा योग मोठा मौजेचा आहे. परंतु देवळांतील देवापेक्षां उपाशी माणसाकडे आधीं पाहणाऱ्या संताला तो शोभलाहि. चित्रपट पाहून झाला कीं दुसऱ्या दिवशीं बाबांचें खरें कीर्तन ऐकावें. ८ नोव्हेंबर १९५६ रोजीं मुंबईस वांद्रे येथें झालेलें त्यांचें कीर्तन ध्वनिमुद्रित झालेलें आहे. पुढें २० डिसेंबरला बाबा गेले. हल्लीं तरुण मंडळी कानांत तार घालून तासन्‌तास पॉडकास्ट ऐकतात. त्यांनीं हें अवश्य ऐकावें. बाबा प्रश्न विचारीत आणि समुदाय उत्तर देई. कर्ज काढून सण करूं नका, दारू पिऊं नका, मुलांना शाळेंत घाला, हें सारें त्या सवालजबाबांतच येई. हजारों माणसांपुढें त्यांनीं आपली बोली कधीं लपविली नाहीं. अंधारांत, दिवा मालवून ऐकल्यास अधिक चांगलें.

वऱ्हाडाबाहेरचा एकच चित्रपट येथें सांगावासा आहे, तो प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६). १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीस यांचे तुकोबा सर्वांच्या लक्षांत राहतात. पण गौरी या नटीची जिजाई अधिक लक्ष देऊन पाहावी. तिचें तोंड फटकळ, शब्द ओबडधोबड. आणि तरीहि चित्रपटांतील सर्वांत खरें माणूस तेंच. बोलीचा मान कसा राखावा याचा धडा त्यांत आयता आहे.

खेळांविषयीं फार सांगावयास नको. अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभें आहे, आणि १९३६ सालीं त्याच्या पथकानें बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगीं देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं. दूरचित्रवाणीवर २०१४ पासून कबड्डीचे झगमगीत सामने होतात, तेहि खुशाल पाहावेत. मात्र मल्लखांब पाहणें तो मैदानावर, हातभर अंतरावरून. मुलाच्या तळव्यांचा घर्षणाचा आवाज पडद्यावर ऐकूं येत नाहीं.

राहतां राहिली भुलाबाई. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत वऱ्हाडांतील मुली भुलाबाई-भुलोजीच्या मातीच्या मूर्तींपुढें टिपऱ्या घेऊन गाणीं म्हणतात, आणि शेवटीं झांकलेला डबा वाजवून आंतला खाऊ ओळखावयाचा असतो. नाटक, संगीत व खेळ यांत एकत्र आहेत, बोली अस्सल आहे, खर्च मुठभर खाऊचा. हीं गाणीं ज्यांना पाठ आहेत अशा आज्या अजून पुष्कळ घरीं आहेत. नातींनीं मोबाईल त्यांच्यापुढें ठेवून तीं उतरवून घ्यावींत, व कोणत्या गाण्यानंतर डबा वाजवावयाचा हेंहि त्यांनाच विचारावें.