ऑपरेशन नागपूरला, दुखणे माजरीला



मेंदूच्या ऑपरेशननंतरच्या वेदनेवर बोलायला माजरीसारखे कोळशाचे गाव कशाला, असे निमंत्रण हाती पडताच काहींना वाटले असेल. त्याचे उत्तर इथल्या रस्त्यांवर आहे. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या (वेकोलि) खाणीतला कामगार असो की हायवा डंपरची धडक बसलेला दुचाकीस्वार, डोक्याला जबर मार लागला की त्याला बहुधा नागपूर गाठावे लागते. कवटी तिथे उघडते, टाके तिथे पडतात. दुखणे मात्र काही दिवसांनी रुग्णाबरोबर गावी येते.

मेंदूला स्वतःला दुखत नाही, हे खरे. म्हणून तर जागेपणी, रुग्णाशी बोलत बोलत मेंदूतली गाठ काढता येते. पण याच सत्यातून वैद्यकात एक सोयीचा गैरसमज रुजला, की या ऑपरेशननंतर फारसे दुखतच नसावे. डोक्याची त्वचा, तिच्याखालचे स्नायू, हाडावरचा पडदा आणि मेंदूभोवतीचे ड्यूरा हे आवरण, या साऱ्यांना वेदना कळते. मानेच्या बाजूने ऑपरेशन झाले असेल तर तिथले जाड स्नायू कापले जातात आणि त्रास आणखी वाढतो. पहिल्या दोन दिवसांत निम्म्याहून अधिक रुग्णांना मध्यम ते तीव्र वेदना होतात, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे.

डॉक्टरांचा हात आखडतो, त्यालाही कारण आहे. मॉर्फिनने गुंगी येते, श्वास मंदावतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि कवटीतला दाब वाढतो. शिवाय बाहुल्या बारीक होतात, म्हणजे टॉर्च मारून त्या तपासणाऱ्या परिचारिकेची खूणच पुसली जाते. ब्रुफेन-डायक्लोफिनॅकने रक्तस्रावाची धास्ती, ट्रॅमाडॉलने फिट येण्याची.

मग काय द्यायचे? दुखेल तेव्हा नव्हे, तर घड्याळ लावून पॅरासिटामॉल. आणि ऑपरेशनच्या टेबलावरच डोक्याच्या नसांना बधिर करणारी इंजेक्शने: भुवईच्या वर, कानशिलावर, कानाच्या पुढे, मागे आणि डोक्याच्या मागच्या उंचवट्याशेजारी, बारीक सुईने थोडे थोडे बुपिव्हाकेन. काही तास तरी डोके शांत राहते, रुग्ण शुद्धीत राहतो आणि त्याला तपासताही येते. औषध स्वस्त, सुई साधी. लागतो तो सरावलेला हात. एवढे असूनही ही पद्धत सगळीकडे नेमाने वापरली जात नसेल, तर ती निव्वळ सवयीची आडकाठी म्हणावी.

शुद्धी मोजणारे ग्लासगो कोष्टक 1974 पासून आहे आणि ते दर तासाला भरलेही जाते. ‘शून्य ते दहांत किती दुखतंय?’ हा प्रश्न मात्र राहून जातो. भामरागडचा माडिया बोलणारा आजोबा मराठीत आकडा सांगणार कसा? त्याला बोटे दाखवू द्यावीत, चेहऱ्यांची चित्रे दाखवावीत. बोलूच न शकणाऱ्याच्या कपाळाच्या आठ्या, आवळलेला जबडा, ताठलेले अंग पाहावे.

सहनशीलतेचे या भागाला भारी कौतुक. शेजारी वरोऱ्याला बाबा आमट्यांचे आनंदवन. मणक्याच्या विकाराने बसणेही अशक्य झालेल्या बाबांनी 1985 मध्ये निघालेली ‘भारत जोडो’ची यात्रा आडवे पडून केली. पण बाबांचा पिंड बाबांचा. त्यांच्या मापाने खाटेवरच्या रुग्णाला मोजू नये.

दुसरे टोक मेडिकल स्टोअरचे. घरचे लोक ‘डोकेदुखीची काहीतरी द्या’ म्हणतात, काउंटरवरून ब्रुफेनची पट्टी पुढे सरकते. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असते, हे कोणी सांगत नाही; धडधाकट मोठ्या माणसालाही दिवसाला 4 ग्रॅमच्या वर ते चालत नाही, दारू पिणाऱ्याला किंवा अशक्त माणसाला त्याहून कमी. आणि प्रत्येक दुखणे दाबायचे नसते. डोकेदुखी दिवसागणिक वाढणे, उलट्या, गुंगी, ताप, मान आखडणे, फिट, जखमेतून किंवा नाकातून पाण्यासारखा स्राव, यांपैकी काहीही दिसले तर गोळी नको, गाडी काढावी.

तेव्हा नागपूरहून आलेल्या सर्जन आणि भूलतज्ज्ञांना स्वागत समितीची एकच विनंती आहे. डिस्चार्ज कार्डावर रुग्णाच्या घरच्यांना कळेल अशा भाषेत चार ओळी लिहाव्यात: कोणती गोळी, किती वाजता, किती दिवस, आणि काय झाल्यास कोणाला फोन करायचा. त्या ओळींचा मसुदा दुपारच्या सत्रात आशाताईंना शेजारी बसवूनच तयार करावा.