अर्ज वाचूनच सही करा



परवा आपल्या वर्गातल्या एक बाई म्हणाल्या, "गुरुजी, पंचायतीला उभं राहायचं म्हणते. पण तो अर्ज! माले जमी का?"

का नाही जमणार? तुम्हांला आता वाचता येते. मग ऐका तर.

उमेदवाराचे वय २१ वर्षे पूर्ण हवे. गावच्या मतदार यादीत नाव हवे. घरी शौचालय हवे आणि ते वापरात हवे. जागा राखीव असेल, तर जातीचा दाखला आणि जात पडताळणीचे कागदही लागतात.

अर्जात नाव मतदार यादीप्रमाणेच लिहा. वॉर्ड आणि यादीतला क्रमांक दोनदा ताडून पाहा. अनामत रक्कम भरली की पावती जपून ठेवा. अर्ज निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे वेळेत द्या. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. पुढे छाननी होते, म्हणजे अर्ज तपासतात. त्या दिवशी स्वतः हजर राहा.

आता मुख्य गोष्ट. पुष्कळ घरी बाईचा अर्ज नवरा भरतो, बाई नुसती सही करते. असे करू नका. सही तुमची, तर जबाबदारीही तुमची.

आपल्याच जळगाव जिल्ह्यातले विचखेडे गाव घ्या. तिथे २०२१ साली एक बाई सरपंच झाल्या. सरकारी जमिनीवर अतिक्रमण करणाऱ्याचे पद कायद्याने जाते. या बाई सासूबरोबर तशाच जागेवरच्या घरात राहतात, अशी तक्रार झाली. आपण नवरा व मुलांसह वेगळ्या भाड्याच्या घरात राहतो, असे बाईंनी सांगितले. तरी त्यांचे पद काढून घेतले. बाई डगमगल्या नाहीत. दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने त्यांचे पद त्यांना परत दिले. बाई सरपंच झाली, हेच काही गावकऱ्यांना रुचले नव्हते, असे न्यायालयाने म्हटले.

यातून काय घ्यायचे? उद्या कोणी तक्रार केली, तर उत्तर तुम्हांलाच द्यावे लागते. म्हणून अर्जातली ओळ न् ओळ स्वतः वाचा. कळले नाही, तर विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. खरे तेच लिहा. कोऱ्या कागदावर सही कधीच करू नका. भरलेल्या अर्जाची एक प्रत घरी ठेवा.

महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी आहेत. जागा मिळाली आहे. तिच्यावर बसणारीने आपला कागद आपण वाचलेला असावा, एवढेच माझे सांगणे.