चावी बरोबर, तरी सर्व्हर नकार का देतो?



बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या साथीने उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला आणि २०२४ मध्ये तो शेतकऱ्यांसमोर मांडला. जमिनीतले सेन्सर, शेतातलं हवामान केंद्र आणि उपग्रहाची चित्रं यांवरून पिकाला पाणी कधी, किती द्यायचं याचा सल्ला मोबाइलवर मिळतो. ऊस इथं उभा, पण त्याचा हिशेब करणारे संगणक दूरच्या डेटा सेंटरमध्ये. क्लाउडवरचे असे सर्व्हर बहुतेक करून लिनक्सवर चालतात. बारामती-इंदापूरच्या ज्या मुलामुलींना उद्या असे सर्व्हर सांभाळायचे आहेत, त्यांना एक नकार हमखास भेटणार आहे: ‘परमिशन डिनाइड, पब्लिककी’.

दूरच्या लिनक्स सर्व्हरवर लॉगिन होतं ते एसएसएच, म्हणजे सिक्युअर शेलमधून. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठातले तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये ते लिहिलं. विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरून टिपले गेले होते, त्यावरचा हा इलाज. यात पासवर्डऐवजी चाव्यांची जोडी वापरता येते. पब्लिक की सर्व्हरवर ठेवायची, प्रायव्हेट की स्वतःच्या लॅपटॉपवर. लॉगिनच्या वेळी लॅपटॉप प्रायव्हेट कीने डिजिटल सही करतो आणि सर्व्हर ती पब्लिक कीने पडताळतो. प्रायव्हेट की लॅपटॉप सोडून कुठेही जात नाही.

मग नकार का येतो? समोरचा सर्व्हर कारण सांगत नाही, आणि ते मुद्दाम. नेमकं काय चुकलं हे बाहेरच्याला कळलं, तर घुसखोराचं काम सोपं होईल. खरं कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये लिहिलेलं असतं. उबंटू-डेबियनवर ती नोंद बहुधा ‘ऑथ डॉट लॉग’ या फाइलमध्ये सापडते, रेड हॅटच्या घराण्यात ‘सिक्युअर’ नावाच्या फाइलमध्ये. लॅपटॉपच्या बाजूने एसएसएच कमांडला ‘डॅश व्ही’ जोडलं, की कोणती चावी पुढे केली गेली तेवढं दिसतं. पण निकाल लागतो तो सर्व्हरच्या लॉगमध्येच.

तिथे वारंवार दिसणारी ओळ अशी: ‘ऑथेंटिकेशन रिफ्यूज्ड: बॅड ओनरशिप ऑर मोड्स’. चावी बरोबर आहे, फोल्डरची परमिशन चुकली आहे. नवशिका इथेच फसतो. लॉगिन होत नाही म्हणून तो सगळ्या फोल्डरला ७७७ परमिशन देऊन टाकतो, म्हणजे कुणीही लिहावं असं मोकळं रान. सर्व्हर तर नेमका त्यालाच हरकत घेतो. ज्या फाइलमध्ये पब्लिक की असतात, ती ‘ऑथराइज्ड कीज’ फाइल कुणालाही बदलता आली, तर तो स्वतःची चावी त्यात घालून आत शिरेल. म्हणून ‘डॉट एसएसएच’ फोल्डरला ७००, ‘ऑथराइज्ड कीज’ला ६००, होम फोल्डरमध्ये मालकाशिवाय कुणाला लिहायची मुभा नाही, आणि या सगळ्याची मालकी त्याच युजरकडे.

‘इन्व्हॅलिड युजर’ दिसलं, तर त्या नावाचं खातंच सर्व्हरवर नाही. उबंटूच्या क्लाउड सर्व्हरवर सुरुवातीचं खातं सहसा ‘उबंटू’ याच नावाचं असतं. व्हॉट्सॲपवरून आलेली पब्लिक की चिकटवताना मध्येच तुटून दोन ओळींत गेली, तरी ती निकामी होते. एक की, एकच ओळ. लॅपटॉपवर चाव्यांचा ढीग असेल, तर योग्य चावीची पाळी येण्याआधीच सर्व्हर संपर्क तोडतो, कारण मुळात सहाच प्रयत्नांची मर्यादा असते. अशा वेळी कोणती चावी वापरायची ते कमांडमध्ये सांगून ‘आयडेंटिटीज ओन्ली’ चालू करायचं. आणखी एक: २०२१ मध्ये आलेल्या ओपनएसएसएच ८.८ पासून शा-१ वर आधारलेली जुनी आरएसए सही मुळातच बंद आहे. जुन्या सॉफ्टवेअरवरून येणाऱ्यांनी ते अद्ययावत करावं किंवा ‘ईडी २५५१९’ प्रकारची नवी जोडी काढावी.

दुरुस्ती करताना आधीचं चालू लॉगिन बंद करू नये. सेटिंग बदललं, की ‘एसएसएचडी डॅश टी’ने फाइल तपासावी, सेवा पुन्हा सुरू करावी आणि दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करून बघावं. ते जमलं, की मगच पहिली खिडकी बंद करावी आणि पासवर्डची वाटही. दोन्ही वाटा बंद झाल्याच, तर क्लाउड कंपनीचा वेब कन्सोल हाताशी असतो.

कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये किंवा छोट्या कंपनीत सोय म्हणून एकच प्रायव्हेट की चौघांत फिरते. ती गळाली, तर चौघांचंही लॉगिन बंद करावं लागतं. त्याऐवजी प्रत्येकाने आपली जोडी काढावी आणि पब्लिक कीच्या ओळीच्या शेवटी स्वतःचं नाव लिहावं. कुणी काम सोडलं, की ‘ऑथराइज्ड कीज’मधून त्याची तेवढी ओळ काढायची, बाकीच्यांचं लॉगिन सुरूच राहतं.