चाकांवरचे घर

घराला कुलूप लावले की माणूस निर्धास्त होतो. पण घरच चाकांवर असले तर? अमेरिकेत मोटारीमागे जोडलेले घर तळावर ठेवून प्रवासी दिवसभर भटकावयास जातात. गंमत अशी, की अशा पुष्कळ घरांच्या सामानकप्प्यांना ‘सीएच ७५१’ ही एकच किल्ली लागते. शेजाऱ्याच्या किल्लीनेही आपला कप्पा उघडावयाचा! ती कुलपे आधी बदलावीत. जोडदांड्यालाही कुलूप हवे, नाहीतर घरच कोणी ओढून न्यावयाचे. बाहेरचे कापडी छत गुंडाळावे. वारा ते फाडतो. योसेमिटीत चोराबरोबर अस्वलाचेही भय. अन्नाच्या वासाने ते मोटारीचे दारसुद्धा वाकविते. म्हणून तेथे तळावर लोखंडी पेट्या ठेवलेल्या असतात. मोटारीतले अन्न त्यांत ठेवावयाचे, आणि अंगाचा सुवासिक साबणही!