आपल्या पोळीचा गहू आणि वैद्यकीय संशोधन
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



आजच्या वैद्यकीय संशोधनावर मी बोलावे, असे विश्वस्तांनी सुचविले. हा विषय निघताच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे परदेशातील प्रयोगशाळा आणि यंत्रमानवाच्या हातून होणाऱ्या शस्त्रक्रिया उभ्या राहतात. त्यांचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु आज मी आपल्याच बुलडाणा जिल्ह्यात, येथून खामगावच्या पलीकडे असलेल्या शेगाव तालुक्यात घडलेल्या प्रकरणाविषयी बोलणार आहे. त्याचा संबंध आपल्या रोजच्या पोळीशी आहे.

डिसेंबर २०२४ व जानेवारी २०२५ या दोन महिन्यांत बोंडगाव, कालवड आणि त्या परिसरातील लोकांचे केस अकस्मात गळू लागले. आधी डोके खाजावे, ताप किंवा डोकेदुखी जाणवावी आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडावे, असा हा प्रकार होता. १८ गावांतील २७९ जण बाधित झाल्याची नोंद झाली. त्यांत महाविद्यालयात जाणाऱ्या मुली होत्या आणि ठरलेली लग्ने मोडल्याच्या बातम्याही आल्या. ‘टक्कल व्हायरस’ हे नाव वाऱ्यासारखे पसरले. वास्तविक, विषाणूचा पुरावा कोणापाशीही नव्हता. आधी बुरशीचा संशय घेतला गेला, मग पाण्यातील नायट्रेट व क्षारांकडे बोट दाखविले गेले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथकेही येऊन नमुने घेऊन गेली.

याच वेळी रायगड जिल्ह्यातील महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतःच्या खर्चाने रुग्णांचे रक्त, लघवी व केस आणि घरातील रेशनचा गहू तपासून घेतला. त्यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार सेलेनियम या मूलद्रव्याचे प्रमाण रक्तात सुमारे ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट वाढलेले होते. जस्त मात्र घटलेले होते. गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम आढळले. तो धुतल्यावरही १३.६१ मिलिग्रॅम उरले, म्हणजे ते दाण्यावरच्या धुळीत नसून दाण्यातच होते. हा गहू पंजाबकडून आला असावा, असे त्यांनी सांगितले. पंजाबात होशियारपूर, नवांशहर या भागांतील काही जमिनींत सेलेनियम फार आहे. तेथील चारा खाऊन जनावरांचे केस झडतात व खूर गळतात, हे पशुवैद्यकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. एप्रिल २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील त्याच गावांतून नखे विद्रूप होऊन गळू लागल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा त्या निदानाला बळच मिळाले.

डॉ. बावस्करांचे हे पहिलेच काम नव्हे. त्यांचा जन्म आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातील देहेड गावचा. १९७६ साली ते महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात त्या काळी लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे दगावत. ते रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब व श्वास यांची तासातासाने नोंद करीत. विषामुळे शरीरात काही संप्रेरकांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसात पाणी भरते, हे त्यातून उमगले. १९८२ मध्ये त्यांचे निरीक्षण ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आले. पुढे रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे स्वस्त औषध त्यांनी वापरले आणि पूर्वी शेकडा तीस-चाळीस असलेले मृत्यूचे प्रमाण फारच खाली आले.

मला त्याहून मोठी वाटते ती २०११ साली ‘बीएमजे’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेली त्यांची चाचणी. ज्या औषधाने त्यांना नाव मिळवून दिले, तेच त्यांनी पुन्हा कसोटीला लावले. नुसते प्राझोसिन दिलेल्या ३५ रुग्णांपैकी ८ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. प्राझोसिनसोबत विंचवाच्या विषावरची लस दिलेल्या ३५ पैकी ३२. निष्कर्ष उघड होता आणि तो त्यांनी स्वतःच जगापुढे ठेवला. संशोधकाची पारख अशा ठिकाणी होते.

त्याच न्यायाने शेगावच्या गव्हाचाही विचार व्हावा. एका वैद्याने करविलेली तपासणी ही सुरुवात आहे; ती दुसऱ्या-तिसऱ्या प्रयोगशाळेत पडताळली गेली पाहिजे. पण पडताळणीच्या नावाखाली मौन पाळले जाऊ नये. ज्यांनी आपले रक्त दिले, त्या गावकऱ्यांना निष्कर्ष मराठीत आणि गावाच्या चावडीवर समजला पाहिजे. आपल्याकडे नमुने नेण्यास गाड्या येतात, अहवाल घेऊन मात्र क्वचितच कोणी परत येते.

आता धोरणाकडे वळू. सरकारी खरेदीत गव्हाची प्रत पाहताना ओलावा, कचरा, तुटके व किडके दाणे मोजतात. दाण्यात कोणते मूलद्रव्य किती आहे, हे त्या निकषांत येत नाही. पूर्वी माणूस बहुधा आपल्या शिवारातले धान्य खाई. तेथील मातीत काही कमी-जास्त असले तर ते त्याच्याच अन्नात उतरे. आज एकाच भागातला गहू हजार किलोमीटरवरच्या एकाच गावाला महिनोन्महिने मिळू शकतो. गरिबाच्या घरी तर दुसरे धान्य नसतेच. म्हणून जेथील माती अशी आहे, तेथील धान्य खरेदीच्या वेळीच तपासावे आणि इतर ठिकाणच्या धान्यात मिसळून वाटावे. हा खर्च फार नाही.

आपल्यापैकी अनेकांचा पिढीजात व्यवहार धान्याचा आहे, म्हणून हे मी येथे मुद्दाम बोलतो आहे. पोत्यावरचा शिक्का व चिठ्ठी आपण पोते रिकामे होताच टाकून देतो. माल कोठला आणि कोणत्या हंगामातला, हे त्यावरून कळते. आजार उद्भवल्यावर डॉक्टरला नेमके तेच हवे असते. दुकानात एक वही ठेवून त्यात ही नोंद करावी आणि प्रत्येक नव्या मालातील मूठभर दाणे चिठ्ठीसह डब्यात सहा महिने जपावेत. दवाखान्यात येणाऱ्यांनीही आजार कोणत्या दिवशी सुरू झाला, घरात आणखी कोणाला झाला आणि त्या सुमारास कोणते धान्य उघडले होते, एवढे लिहून आणावे. ही वही कशी आखावी ते दाखविण्यासाठी, विश्वस्तांनी सांगितल्यास, मी कोणत्याही रविवारी येथे यायला तयार आहे.