दूध तिचे, शेणही तिचेच

१९४६ साली खेडा जिल्ह्यात उभ्या राहिलेल्या सहकारी दूध संघाने एक मोठी गोष्ट सहज साधली. संकलन केंद्रावर दुधाची जात पाहिली जात नाही. स्निग्धांश पाहिला जातो, आणि सर्वांचे दूध एकत्रच ओतले जाते. जिच्या हातचे पाणी गावाला चालत नव्हते, तिचे दूध शहरापर्यंत गेले. मात्र सभासदत्व पतीच्या नावे असेल, तर धार काढणारीच्या हाती पैसा पडतोच असे नाही.

गोबरगॅसचे कोडे अधिक बिकट आहे. दोन घनमीटरच्या संयंत्रास रोज सुमारे ५० किलो शेण लागते. म्हणजे गोठ्यात चार-पाच जनावरे हवीत. भूमिहीन दलित स्त्रीकडे बहुधा एखादी म्हैस असते, आणि खड्डा खणावा एवढे अंगणही नसते. १९८१-८२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्पाचा लाभ यामुळेच बव्हंशी मोठ्या गोठ्यांकडे वळला.

तीन-चार घरांनी मिळून एक संयंत्र बांधावे, ग्रामपंचायतीने गावठाणात जागा द्यावी, आणि बाहेर पडणारी मळी या स्त्रियांनी बागायतदारांना विकावी. सामाईक संयंत्रे शेणाच्या वाट्यावरून बंद पडतात. तेव्हा दूध मापून घेतात तसेच प्रत्येकीचे शेणही वजन करून घ्यावे, आणि तिच्याच नावे मांडावे.